लेकीनं मिरचीचा फवारा मागवलाय. आत नक्की काय असतं, आणि मारायचा कसा?

डंखवाली_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. आमचा मिरची कांडपाचा डंख आहे, एकवीस वर्षं झाली. म्हणजे मिरचीची ओळख मला नव्यानं करून द्यायला नको. होळीच्या आसपास उन्हाळकामं सुरू झाली की पार मे संपेपर्यंत दारात रांग असते. कुणाची नुसती बेडगी, कुणाची बेडगीत संकेश्वरी, कुणाला लवंगीच पाहिजे. वर भाजलेलं खोबरं, लसूण, मसाला. मुसळं पडायला लागली की असा खकाणा उठतो की शेजारचे शिंपीमामा शटर अर्धं खाली ओढून घेतात. मला काही होत नाही. तोंडाला फडकं, हाताला गोडेतेल, झालं.

तर विषय असा. धाकटी लेक नर्सिंग करून पुण्यात एका हॉस्पिटलात लागली. दुपारपाळी असली की चार्ज देऊन बाहेर पडेपर्यंत रात्रीचे दहा होतात. बसमधून उतरल्यावर खोलीपर्यंत बारा मिनिटं चालायचं. त्यात मधे बंद कारखान्याची लांबच लांब भिंत आहे, तिथं दिवा नाही. दोनदा गाडीवरून पोरं बाजूनं हळूहळू चालवत आली आणि तोंडाला येईल ते बोलली. हे तिनं मला तेव्हा सांगितलं नाही. सुट्टीला घरी आली, मी धुवायचे कपडे काढायला तिची बॅग उपसली, तर हे सापडलं. मला वाटलं सेंट आहे. टोपण उघडून वास घेणार, तेवढ्यात पोरगी किंचाळली.

मुठीत मावेल एवढी काळी डबी. ५५ मिली लिहिलंय. वर लाल झाकण, ते अंगठ्यानं उचललं की खाली बटण. लेबलवर इंग्रजीत ‘१० टक्के ओसी’ आणि ‘२० लाख एसएचयू’ असं काहीबाही. लेकीला विचारलं, तर म्हणाली, आई मिरचीच असते गं त्यात. मी म्हटलं मिरचीच असेल तर मला काय सांगतेस, मी रोज खाते ती हवा. मला खरंच शंका आहे. आमच्या डंखावर पोती उचलायला गडी असतो, त्याच्या तोंडावर एकदा अख्खी चाळणी उलटली. शिंकला, शिव्या घातल्या, तोंड धुतलं आणि कामाला लागला. उद्या लेकीसमोरचा माणूस असाच निघाला तर?

शिवाय तिचे वडील म्हणतात, असलं हत्यार जवळ ठेवलं तर पोलीस तुलाच धरतील. आणि मुलीनं ही डबी अजून एकदाही दाबून बघितलेली नाही. ‘लागेल तेव्हा दाबेन’ म्हणते. मला ते पटत नाही. डंखाची मोटार पण पहिल्यांदा रिकामी चालवून बघतात.

ज्यांनी वापरलाय किंवा ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. जाहिरातीतलं नको.

उगाच_बोलतो

ताई, घरचा डंख असून पाचशे रुपये घालवले? लवंगीची पूड पुडीत बांधून द्यायची. फुकटात काम.

डंखवाली_मिरज

दादा, तुम्ही कधी पूड उधळली आहे का? मी उधळलेली आहे, मुद्दाम नाही, पण एकवीस वर्षांत बरेचदा. पूड पुढं जात नाही, वर जाते आणि उधळणाऱ्याच्या तोंडावर परत येते. हवेत दमट असेल तर गोळा होऊन पायाशी पडते. एकदा नवीन पोरानं चुकून पंखा लावला, तर गिऱ्हाईक, मी, तो, सगळे रस्त्यावर. आणि पुडी सोडायला दोन हात लागतात. पूड नको.

लोकल_९_१२

ताई, मी वापरलाय. खराखुरा. म्हणून सगळं सविस्तर सांगते, लाज गेली तरी चालेल.

चार वर्षांपूर्वी, डोंबिवली. रात्री सव्वाअकरा. गाडीतून उतरून स्कायवॉकवरून जात होते. मागून एक जण येतोय हे मला जिन्यापासून कळत होतं. मी थांबले की तो थांबायचा, मोबाईल बघायचा. पावसाळ्याचे दिवस, स्कायवॉक रिकामा. स्प्रे माझ्याकडे होता. कुठे? पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेनच्या आत, पासाच्या पाकिटाखाली, सॅनिटरी पॅडच्या पिशवीत. वर्षभर तिथेच होता. मी चालता चालता हात घातला तर हाताला आधी लिपबाम आला, मग डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. स्प्रे सापडेपर्यंत त्याने माझा दंड धरला होता.

मग मी दाबला. म्हणजे दाबायला गेले, पण दबेना, कारण वरचं झाकण फिरवायचं असतं हे मी विसरले होते. झाकण फिरवलं, दाबला. तोंडावर नीट बसला त्याच्या. पण माझा फवारा धुक्यासारखा पसरणारा होता, स्कायवॉकवर खाडीकडून वारा सुसाट, आणि तो वारा माझ्याकडे. अर्धा त्याला, अर्धा मला. तो कळवळून खाली बसला. मीही रडत, खोकत, कठड्याला धरून जिना उतरले. दोघंही आंधळे. फरक एवढाच की मला माहीत होतं काय झालंय, आणि जिना कुठे आहे ते पाठ होतं. त्याला माहीत नव्हतं. खाली रिक्षावाल्यांनी मला पाणी दिलं.

तुमच्या गड्याबद्दल वाचून हसले, पण ताई, हे ते नाही. मी मालवणी घरातली आहे, तिखटाचं मला कौतुक नाही. हे डोळ्यांत गेल्यावर पापण्या आपण मिटत नाही, त्या आपोआप मिटतात. उघडा म्हटलं तरी उघडत नाहीत. छातीत असा ठसका बसतो की ओरडायलाही श्वास पुरत नाही. घरी पोहोचले तरी अर्धा पाऊण तास डोळे नीट उघडत नव्हते, आणि कानामागे, मानेवर जिथे घाम होता तिथे रात्रभर भगभगत होतं. दुसऱ्या दिवशी केस धुतले तर पुन्हा तेच! केसांतलं पाण्याबरोबर चेहऱ्यावर उतरलं.

तेव्हापासून माझे नियम. एक, तो पर्समध्ये नसतो. गाडी स्टेशनात शिरली की हातात येतो, घराचं दार उघडेपर्यंत हातात. दुसरं, बोटाने नाही दाबायचा, अंगठ्याने. मूठ वळायची, डबी मुठीत, अंगठा वर. तर्जनीने दाबलं की पकड ढिली होते, कुणी हाताला झटका दिला तर डबी गेली. तिसरं, धुक्याचा फवारा परत घेतला नाही. आता बारीक पिचकारी उडते तसला आहे. तोंड पाहून नेम धरावा लागतो, पण वाऱ्याने परत येत नाही.

आणि झाकण. ते अंधारात, न बघता, एका हाताने उघडता आलं पाहिजे. लेकीला टीव्ही बघताना हे पन्नासदा करायला लावा. माझी सासू मला विचारते हे काय टकटक चाललंय.

रसायन_मास्तर

मी कोल्हापुरात बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, घरची चटणी दरवर्षी डंखावरच होते, त्यामुळे ताईंचा प्रश्न जिव्हाळ्याचा. तुमच्या गड्याला काही का झालं नाही, तिथूनच सुरुवात करतो.

मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं. ते मुख्यतः बियांत नसतं, आतल्या पांढऱ्या पडद्यात असतं, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. बाकी मिरची म्हणजे साल, रंग, तंतू. चाळणीभर पूड तोंडावर पडली तरी त्यात खरं तिखट थोडंसंच, तेही कोरड्या कणांत अडकलेलं. डोळ्यांतल्या पाण्यात ते सहज विरघळत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय रोज त्या हवेत वावरणाऱ्याच्या नसा काही प्रमाणात बोथट होतात. सांधेदुखीच्या काही मलमांत कॅप्सेसिन घालतात ते याच गुणामुळे: आधी आग, मग नस थकून गप्प. तुम्ही आणि तुमचा गडी म्हणजे एकवीस वर्षं मलम लावलेली माणसं.

आता डबीत काय असतं. वाळलेली मिरची दळून ती हेक्झेन किंवा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात भिजवतात, तिखट आणि रंग त्यात उतरतो, मग द्रावक उडवून लावतात. मागे उरतं ते काळपट लाल, काकवीसारखं दाट तेलकट राळ. त्याला ओलिओरेझिन कॅप्सिकम म्हणतात, म्हणजे लेबलवरचं ‘ओसी’. आपल्या देशात, विशेषतः केरळात, हा मोठा धंदा आहे आणि बहुतेक माल खाण्याच्या पदार्थांत जातो. तुमच्या वेफर्सच्या पाकिटातला झणका कित्येकदा हाच. फवाऱ्यात हीच राळ पातळ करून, दाबाखालच्या वायूसोबत भरतात. बटण दाबलं की तेलकट थेंब उडतात आणि कातडीला, पापणीला चिकटून बसतात. पुडीत आणि त्यात हा फरक आहे.

आग कशी होते तेही गमतीचं आहे. आपल्या नसांवर उष्णता ओळखणारा एक दरवाजा असतो, नाव टीआरपीव्ही१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो उघडतो आणि मेंदूला कळतं, भाजतंय. कॅप्सेसिन त्याच दरवाजाची खोटी किल्ली. काही भाजत नसताना मेंदू भाजल्याची बोंब ठोकतो, रक्तवाहिन्या फुगतात, डोळे सुजतात, नाक वाहतं. हा दरवाजा डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना अर्धं मिळालं. पक्ष्यांच्या नसांवरचा दरवाजा या किल्लीनं उघडत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो. कुत्र्याचा मात्र उघडतो, त्यामुळे अंगावर आलेल्या भटक्या कुत्र्यावरही फवारा चालतो.

लेबलवरचे आकडे वाचताना जरा सावध. एसएचयू म्हणजे स्कोव्हिल एकक, १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी काढलेली मोजपट्टी: तिखट किती पातळ केलं म्हणजे जिभेला कळेनासं होतं. शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख. २००७ मध्ये गिनीजमध्ये गेलेली भूत जोलोकिया १० लाखांच्या थोडी वर. (तीच जोलोकिया घेऊन डीआरडीओच्या तेजपूरच्या प्रयोगशाळेनं मिरचीचा हातबॉम्ब केला, पण ते जाऊ दे.) डबीवरचे ‘२० लाख’ हे बहुतेकदा मूळ राळेचे असतात, पातळ केल्यावर नोजलमधून बाहेर पडतं त्याचे नाही. आणि ‘१० टक्के ओसी’नंही फार कळत नाही, कारण राळ बेडगीचीही असू शकते, रंग फक्कड, तिखट बेताचं. खरा आकडा असतो ‘मेजर कॅप्सेसिनॉइड्स’चा, एमसी. माणसांसाठीच्या चांगल्या फवाऱ्यांत तो ०.१८ ते १.३३ टक्के असतो. तो छापलेला असेल तर कंपनी प्रामाणिक समजा.

आणखी एक. ताई हाताला गोडेतेल लावतात ते शास्त्रशुद्ध आहे. तेलात कॅप्सेसिन विरघळतं, मग साबणानं दोन्ही निघून जातं.

कॅज्युअल्टी_सिस्टर

मास्तर, हाताला ठीक आहे. चेहऱ्याला तेल कुणी लावू नका हो! मी सोलापुरात कॅज्युअल्टीत आहे, तेल, तूप, बोरोलीन फासून आलेले पेशंट मी पाहते. तेलात विरघळतं म्हणजे तेलाबरोबर पसरतंही, आणि पसरून जातं कुठे, तर डोळ्यांत.

गेल्या दिवाळीत एक आठवीतला मुलगा आला. मोठ्या बहिणीचा स्प्रे ‘खरा आहे का’ बघायला बाथरूममध्ये दार लावून मारला. त्याला बाहेर काढायला गेलेला बाप, आजी, सगळे आमच्याकडे. बंद जागेत एकानं मारला की घर रिकामं होतं, हे लक्षात ठेवा. लिफ्टमध्ये, रिक्षात, बसमध्ये मारायची वेळ आलीच तर मारून तिथेच थांबायचं नाही.

लागला तर काय करायचं ते सांगते. आधी मोकळ्या हवेत या. डोळे चोळायचे नाहीत, कितीही वाटलं तरी. चोळलं की थेंब आत जातात आणि हाताचंही डोळ्यात जातं. लेन्स असतील तर हात धुऊन त्या काढा आणि टाकून द्या, धुऊन परत घालू नका. मग थंड, स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं, मध्ये मध्ये डोळे मिचकावत. डोकं पुढे वाकवून धुवा, म्हणजे केसांचं पाणी तोंडावर येणार नाही. लहान बाळाचा शांपू किंवा सौम्य साबण पापण्या मिटून चेहऱ्याला, दोन-तीनदा. कपडे बदला, वेगळे धुवा. दुधाचं सगळे विचारतात. कातडीवर ओतलं तर थोडं बरं वाटतं, डोळ्यांत घालू नका, ते निर्जंतुक नसतं. खरं औषध म्हणजे वेळ. तासाभरात बहुतेकांना दिसायला लागतं. दमा असेल, श्वास लागत असेल, किंवा तासाभरानंतरही डोळ्यात खुपत असेल, नीट दिसत नसेल तर घरी बसू नका.

ताई, लेक नर्स आहे म्हणजे तिला हे येतंच. पण स्वतःला लागल्यावर सगळं विसरायला होतं, म्हणून एक छोटी पाण्याची बाटली तिच्या बॅगेत असू द्या. आणि तिला दमा नाही ना, तेवढं सांगा.

निवृत्त_हवालदार

ताई, साताऱ्याहून. बत्तीस वर्षं खात्यात काढली. तुमच्या मालकांना सांगा, पोलीस धरणार नाहीत. आपल्याकडे पेपर स्प्रे विकत घ्यायला, जवळ ठेवायला परवाना लागत नाही. मेडिकलच्या दुकानातसुद्धा मिळतो.

प्रश्न जवळ ठेवण्याचा नाही, मारण्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात कलम ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. पूर्वी भादंविमध्ये ९६ ते १०६ होती तीच, आकडे बदलले. अंगावर कुणी आलं, धरलं, ओढलं, तर तुमच्या मुलीनं फवारा मारला तर तो तिचा हक्क. पण त्यातच कलम ३७ म्हणतं की बचावाला लागेल तेवढंच, जास्त नाही. तो खाली बसला की काम झालं. खाली पडलेल्याच्या तोंडावर डबी रिकामी करायची नाही, लाथ घालायची नाही, हेही समजू द्या.

आणि भांडणात नाही. पार्किंगवरून, सोसायटीच्या नळावरून, सासू-सुनेच्या वादात फवारा काढला तर तो बचाव नव्हे, दुखापत. २०२४ मध्येच कर्नाटक उच्च न्यायालयानं एका मालमत्तेच्या वादातल्या प्रकरणात हेच सांगितलं. जिवाला धोका नव्हता, स्वसंरक्षण दिसत नाही, फवारा धोकादायक हत्यार ठरू शकतो, असं म्हणून गुन्हा रद्द करायला नकार दिला.

माझ्या नोकरीतलं सांगतो. सराफाच्या डोळ्यांत मिरची टाकून पिशवी पळवणारे आम्ही बरेच पाहिले. वस्तू तीच, हात वेगळा. संसदेचंच घ्या. १३ फेब्रुवारी २०१४, लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मांडताना विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी सभागृहात फवारा मारला. एवढं मोठं दालन, तरी सगळे खोकत बाहेर आले, काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. सिस्टर म्हणतात ते बंद जागेचं खरं आहे.

मारल्यावर काय, हे कुणी सांगत नाही. मागं वळून त्याचं काय झालं ते बघत उभं राहायचं नाही. त्याच्या समोरून बाजूला सरकायचं, कारण आंधळा झालेला माणूसही सरळ पुढं झेपावतो. पळायचं उजेडाकडे, माणसांकडे. मग ११२ लावायचा. आपण होऊन सांगायचं: मला अमुक ठिकाणी धरलं, मी स्प्रे मारला. हे पहिलं सांगणं फार महत्त्वाचं. तो आधी ठाण्यात पोहोचला आणि ‘बाईनं विनाकारण मारलं’ म्हणाला तर मुलीला उलटं समजावत बसावं लागतं. हद्द कुठली ते बघू नका, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो.

गाडीवरून बोलत जाणाऱ्या पोरांवर मात्र स्प्रे मारायचा नाही. चालती गाडी, वारा, आणि ती दोन हात लांब. त्यांचा नंबर घ्या, तक्रार द्या. पाठलागाला कलम ७८ आहे, घाणेरडं बोलण्याला, हावभावाला ७९. आणि ती भिंत. दिव्याचा अर्ज महापालिकेत द्यायला कुणाचा हात धरलाय? हॉस्पिटलातल्या दहा पोरींच्या सह्या घ्या.

लीड्सकर

एक छोटी भर, कारण इथे येणाऱ्या मुलींच्या सुटकेसात आया हे हमखास टाकतात. ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे जवळ बाळगणंच गुन्हा आहे. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली तो बंदुकीच्या रांगेत बसतो. माझ्या रूममेटच्या आईने पापडाच्या डब्यात घालून दिला होता. आम्हाला कळलं तेव्हा दोघींची झोप उडाली. इथे मुली कर्कश भोंगा ठेवतात, पिन ओढली की वाजतो. भारतातही विमानात केबिनमध्ये स्प्रे नेता येत नाही. चेक-इनच्या सामानात टाकायच्या आधी विमान कंपनीला विचारा.

उगाच_बोलतो

हवालदार काका, दारू प्यायलेल्याला लागतो का? हा प्रश्न उगाच नाही.

निवृत्त_हवालदार

लागतो, पण उशिरा कळतं काहींना. डोळे तरी मिटतात, पण तो हात चालवत राहतो. म्हणून म्हणतो, मारून उभं राहायचं नाही.

लोकल_९_१२

आणि एकदा दाबून सोडायचा नाही हो. डोळ्यांच्या रेषेत या कानापासून त्या कानापर्यंत, एक सेकंद. चष्मा असला तरी कडेने जातो. लांबून घाबरवायला नाही मारायचा, माझा आठ-दहा फुटांच्या पुढे जातच नाही. हाताच्या अंतरावर येऊ द्यायचा नाही आणि रस्त्यापलीकडेही मारायचा नाही, त्यामधलं अंतर. आणि तोंडाने ओरडायचं, ‘मागे हो’. ओरडलं की निम्मे तिथेच थांबतात, हा माझा अनुभव.

डंखवाली_मिरज

सगळ्यांचे आभार. सिस्टर, लेकीला दमा नाही. मलाच हिवाळ्यात जरा होतो, कशानं ते तुम्ही ओळखलंच असेल.

काल रविवार होता. लेक सुट्टीला आलेलीच होती. मी तिच्या वडिलांना हवालदारकाकांचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, बघू दे ती डबी. मग आम्ही तिघं स्कूटरवरून कृष्णेच्या वाटेला, भावाच्या उसाच्या बांधावर गेलो. आधी मातीची चिमूट सोडून वारा बघितला. बाभळीच्या खोडाला रिकामं पोतं टांगलं, त्यावर खडूनं दोन डोळे काढले. मिशा यांनी काढल्या.

लेकीनं पहिल्यांदा झाकण उघडलंच नाही, नुसतं दाबत बसली. लोकलवाल्या ताई, तुमची आठवण झाली. दुसऱ्यांदा उघडलं, अर्धा सेकंद मारला, पिचकारी पोत्याच्या खाली, खोडाला लागली. तिसऱ्यांदा बसली डोळ्यांवर. तांबडा डाग पडला, आमच्या चटणीच्या तेलासारखा. तिला म्हटलं बास, बाकी राहू दे डबीत. ही डबी आता सरावाचीच, तिच्यासाठी नवी मागवली आहे. लेबलवर ‘एमसी’ छापलेली, मास्तर.

मग मी माझं शहाणपण केलं. एकवीस वर्षांची बढाई होती ना. पोत्याजवळ जाऊन वास घेतला. लांबूनच, हातभर अंतरावरून. मंडळी, मी बांधावर बसले. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, बोलता येईना. हे हसत होते, मग वारा फिरला आणि हेही बसले. लेक बाटली घेऊन, ‘आई चोळू नकोस, आई चोळू नकोस’, एखाद्या पेशंटला बोलावं तसं. पोतं तिथंच सोडून आलो. भाऊ आज फोनवर विचारत होता, बांधाजवळ शेळ्या शिंकतायत, काय टाकलंत.

तिच्या खोलीतल्या आणखी दोघींना पण शिकवणार आहे म्हणते. दिव्याच्या अर्जावर सह्या घ्यायला कागद आज तिच्याबरोबर दिलाय. मराठीत मीच लिहिला, चुका असतील.

सरावाची डबी माझ्याकडे राहिली, अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. उन्हाळ्यात रात्री गल्ला घेऊन मीच चालत येते, तेव्हा लेक म्हणाली तुझ्याजवळ असू दे. मी ती चहा-साखरेच्या फळीवर ठेवली होती, गॅसच्या शेजारी. लेबल नीट वाचलं तर उष्णतेपासून लांब ठेवा, ५० अंशांच्या वर नको असं आहे. तिनं एसटी स्टँडवरून फोन करून मला ती तिथून उचलायला लावली. आता डंखाच्या किल्लीशेजारी, दाराच्या खिळ्याला आहे. मास्तर, एक राहिलं. तळाशी दोन तारखा आहेत, एक पुसट झालीय. दिसतेय ती भरल्याची असेल तर ही डबी किती दिवस धरायची?

रसायन_मास्तर

भरल्याची असेल तर दोन ते चार वर्षं, कंपनीप्रमाणे. राळ लवकर मरत नाही, वायूचा दाब हळूहळू उतरतो. म्हणजे तिखट आत असतं, पण पिचकारी पायाशी पडते. दर सहा महिन्यांनी बांधावर अर्धा सेकंद मारून बघा. शेळ्या लांब बांधून.